हात लाव रे

हौसेरावांना हसतहसत वेळ निभावून न्यायची कला चांगलीच साधली होती. कांद्याच्या घाऊक बाजारात ते त्याच बळावर शेठ झाले. गोव्याहून परतलेल्या क्रूझवाल्यांनी प्रवाशांना द्रोणागिरीजवळच्या जुन्या मिठागराच्या रुळांवर वाफेच्या गाडीतून फिरवायला आणलं, तेव्हाही ते डब्यात शेजारी बसलेल्या सुधीरभाईंना म्हणाले, "बघा, आपल्याच अंगणात पाहुणे म्हणून आलोय!"

"कोपरखैरण्याच्या घरून रिक्षानं आलो असतो की," त्यांच्या पत्नी प्रेमलावहिनी म्हणाल्या. अख्खा डबा हसला.

"इथं कुणालाच रेंज नाही," सुधीरभाई मोबाइल हलवत कुरकुरले.

गाडी खाडीकडे वळली. कोळशाचा धूर, खारट वारा... आणि मधूनच ओल्या गोणपाटाचा, सडक्या कांद्याचा वास.

पहिल्या थांब्यावर एक हमाल उभा होता. डोक्यावर टॉवेलची चुंबळ, पायाशी भरलेलं पोतं. भर दुपारी त्याचा चेहरा सावलीत होता.

"हौश्या... हात लाव रे."

पोतं एकट्यानं डोक्यावर चढत नाही. जवळ असेल त्यानं हात लावायचा, हा हमालांचा धर्म. शेठ होण्याआधी हौसेराव बारा वर्षं गाववाल्या धर्मराजच्या जोडीनं पोती उचलत होते. गेल्या शिमग्यात धर्मराजनं पेढीसमोर अशीच हाक मारली. समोर बडी गिऱ्हाईकं बसलेली. हौसेरावांनी बंद मोबाइल कानाला लावला. धर्मराजनं एकट्यानंच झटका दिला आणि पोत्याखाली गेला तो गेलाच. "मला ऐकूच आलं नाही गं," असं त्यांनी त्याच्या बायकोला, रखमाला, सांगितलं होतं.

"ओळखीचा का?" सुधीरभाईंनी विचारलं.

"छे, छे!"

बोलून गेले आणि मान खाली गेली. गाडी सुटली.

पुढच्या थांब्यावर तोच हमाल. तेच पोतं.

"हौश्या..."

"अहो, तुम्हालाच हाक मारतायत ते," वहिनी कुजबुजल्या.

हौसेराव उतरले. सगळे बघत होते, बघू देत.

"धर्मा... तेव्हा ऐकलं होतं रे मी."

वाकून त्यांनी पोत्याचे दोन्ही कान धरले. पोतं वर गेलं, अगदी अलगद, समोरूनही कुणी धरल्यासारखं. मग समोर कुणीच दिसेना. पोतंही दिसेना. फक्त डोक्यावरच्या ओझ्यानं त्यांची मान खांद्यात रुतायला लागली. कसाबसा वर हात नेला, तर कपाळावर टॉवेलची चुंबळ. ओली... कोमट.

पाय ओढत ते डब्याच्या दाराशी आले.

"प्रेमला... उतरवायला हात लाव गं..."

कुणी वळलं नाही. सुधीरभाई, वहिनी, सगळा डबा खिडकीबाहेर बघत होता. प्रत्येकाच्या कानाला मोबाइल होता.