मुलांजेवरचा दोर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ग्रेगरने दोर ओढून परत घेतला.

पहिली फेक कमी पडली होती. दोराचं टोक वायसनच्या बोटांपासून वीतभर लांब पाण्यात पडलं आणि प्रवाहाने ते ओढून नेलं. आता तो पुन्हा फेकणार, म्हणून ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एनेलेसी नांगवाले दोन्ही हात पुढे करून उभी होती. पलीकडे ग्रेगरने दोराचं नीट वेटोळं केलं. ते खांद्यात अडकवलं आणि तो तसाच थांबला.

पाणी चढत होतं. क्षणापूर्वी ज्या धोंड्यांवर पाय देत ग्रेगर पलीकडे गेला, ते एकामागून एक दिसेनासे झाले. वरून एक अख्खं झाड मुळांसकट आलं, कातळावर आपटलं आणि फुटलं!

"वहिनी, हाक मारा त्याला!" वायसन ओरडला.

पण त्या गर्जनेत हाक कुठली पोचायला? एनेलेसीने हात उंच केला, तळहात जमिनीकडे वळवला आणि चारही बोटं आपल्याकडे ओढली. ये. इकडे ये. दोर टाक.

ग्रेगरने पाहिलं. त्यानेही हात वर केला. मग पाठ फिरवून तो उताराच्या वाटेने झाडीत शिरला.

मोहिमेचं काम सरळ होतं. एनेलेसीचा नवरा लोझानी मुलांजे डोंगराच्या पठारावर गिर्यारोहकांच्या झोपडीची राखण करी. दोन दिवसांपूर्वी सरपण आणताना तो ओल्या कातळावरून घसरला आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. एका हमालाने खाली निरोप आणला, तेव्हाच जखमेला वास येऊ लागला होता. त्याला ताबडतोब इस्पितळात पोचवलं नाही, तर पाय जाणार होता आणि पायामागोमाग माणूसही. म्हणून उजाडताच तिघं डोंगर चढली होती आणि आता त्याला घेऊन उतरत होती. एनेलेसी, तिचा धाकटा दीर वायसन आणि स्कॉटलंडच्या चर्चने पाठवलेला स्वयंसेवक ग्रेगर. कडे चढण्याची सवय ग्रेगरला, प्रथमोपचार ग्रेगरला येत आणि दोरही ग्रेगरचाच.

सात महिने तो एनेलेसीच्या घरात राहत होता. रविवारी मुलांना गाणी शिकवी, शाळेच्या बाकांना रंग देई, न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा उजव्या हाताने वळून भाजीत बुडवी आणि बोटं भाजली की हसे. सकाळी शेंगदाण्याच्या कुटाची पेज झाली, की एनेलेसी दारातून त्याला हाताने बोलवायची, असाच तळहात खाली करून. पहिल्याच आठवड्यात त्याला वाटलं, बाई आपल्याला हाकलतेय! बिचारा खाली मान घालून पार चहाच्या मळ्यापर्यंत चालत गेला होता. सगळी वाडी पोट धरून हसली. त्यानंतर मात्र तो कधीच चुकला नाही. हात हलला की बोअरच्या हातपंपावरून, शाळेतून, असेल तिथून पळत यायचा. एनेलेसी त्याला "पोरा" म्हणे, आणि तो तिला "आई".

"मदत आणायला गेला असेल," ती म्हणाली.

"दोर घेऊन?" वायसनने विचारलं.

एनेलेसी नवऱ्याकडे वळली.

लोझानी मचिल्यात पडून होता. मचिला म्हणजे लांब बांबूला झोळीसारखं बांधलेलं घोंगडं. एनेलेसीच्या आजोबांनी असल्याच मचिल्यातून गोऱ्या धर्मोपदेशकांना याच डोंगरावर वाहून नेलं होतं. मागे फिरावं, तर ज्या कातळावरून ती उतरली होती, त्याचा आता धबधबा झाला होता. पुढे ओढा! त्यांनी मचिला एका पुढे आलेल्या खडकाखाली ओढला. अंधार पडला, थंडी वाढली. लोझानीचे दात वाजू लागले. मदत आली नाही.

"या डोंगरावरची भुतं वाट चुकलेल्यांपुढे ताट वाढून ठेवतात म्हणे," वायसन काळोखात मोठ्याने म्हणाला. "अहो, ताट राहू द्या! तेवढा एक दोर ठेवा!"

"आणि चिमूटभर तंबाखू," लोझानी कण्हत म्हणाला.

एनेलेसी हसली. मग रडली. मग तिने नवऱ्याचे हात काखेत धरून उजाडेपर्यंत रात्र जागून काढली.

मुलांजेचे ओढे चढतात तितक्याच झपाट्याने उतरतात. सकाळी पाणी कमरेएवढं होतं, पण जोर तोच. वायसनने मचिल्याचा बांबू सोडला आणि तो टेकत प्रवाहात उतरला. मध्यावर त्याने बांबू दोन धोंड्यांमध्ये आडवा ठोकून बसवला आणि त्यावर छाती टेकून उभा राहिला.

"त्याला उचलून आणणार कसं? मला हे सोडता येत नाही!"

एनेलेसीने कमरेचं चितेंजे सोडलं. लुगड्याच्या पन्ह्याएवढं ते कापड. पिशवीतलं दुसरंही काढलं आणि दोन्ही एकमेकांना बांधली. पाच मुलं तिने याच कापडात पाठीशी बांधून वाढवली होती.

"बसा पाठीवर."

"वेड लागलंय का? माणसं काय म्हणतील?"

"म्हणतील, सहावं झालं. बसा!"

तिने गाठ छातीवर करकचून मारली आणि पाण्यात पाय टाकला. एक पाऊल. दुसरं. थंडीने श्वास अडकला. लोझानीचा मोडका पाय प्रवाहात फरफटला आणि तो किंचाळला. तिसरं पाऊल. पायाखालचा दगड फिरला! ती गुडघ्यावर कोसळली, पाणी हनुवटीला लागलं. वायसनने एका हाताने तिची मानगूट धरली.

"बांबू धर, वहिनी! बांबू!"

तिच्या बोटांना बांबू लागला. ती उठली आणि हातावर हात सरकवत पुढे गेली. आणखी एक पाऊल. वाळू!

पलीकडच्या काठावर ती तिघं बराच वेळ नुसती पडून राहिली. चिखलात ग्रेगरच्या बुटांचे ठसे होते. ते कुठेही रेंगाळले नव्हते, सरळ खाली गेले होते.

दुपारी ती वनचौकीला पोचली. पहारेकरी धावत आला.

"अहो, तुमचा पाहुणा काल संध्याकाळी इथूनच गेला की! आमचा निरोपही घेतला. तुम्ही वरच राहिलात, असं वाटलं आम्हाला."

"काही बोलला नाही?" एनेलेसीने विचारलं.

"पाऊस फार आहे, म्हणाला."

चौकीच्या गाडीतून लोझानीला इस्पितळात नेलं. तो जगला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

रविवारी चर्चमध्ये ग्रेगर मंडळीसमोर उभा राहिला. तोवर तो पाळकांच्या घरी राहायला गेला होता. डोळे सुजलेले. तिथल्या चिचेवा भाषेत, तुटकतुटक, तो म्हणाला, "आईने मला जा म्हणून हात केला. मला वाटलं, ती सगळी झोपडीकडे परत जाणार आहेत. आमच्याकडे त्या खुणेचा अर्थ 'जा' असाच होतो. माझी चूक झाली."

माना डोलल्या. कुणीतरी हळहळलं. बिचारा पाहुणा! पाळक म्हणाले, "परक्या मुलखात अशी गफलत व्हायचीच. आपण क्षमा करू या."

एनेलेसी महिला मंडळाच्या बाकावरून उठली. तिने हात पुढे केला, तळहात जमिनीकडे वळवला आणि बोटं आपल्याकडे ओढली. रोज सकाळी दारातून ओढायची, तशीच.

ग्रेगरने तिच्याकडे एक पाऊल टाकलं.

मग त्याने आपल्या पायाकडे पाहिलं आणि तो जागीच थांबला. एनेलेसी तशीच बाहेर पडली आणि लोझानीला पेज द्यायला इस्पितळाच्या रस्त्याला लागली.

मंगळवारी ब्लँटायरहून ग्रेगरचं विमान उडालं. दोर का फेकला नाही आणि चौकीत का सांगितलं नाही, हे त्याने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. त्याला सोडायला विमानतळावर गेलेल्या पाळकांच्या चालकाने एवढंच सांगितलं, की दोर त्याच्या सामानात होता.