चौतीस टक्के राळ

चांद्रवसाहतीच्या प्रयोगशाळेत मालन दुसाने काचेची भांडी धूत होती. भांडी आधीच स्वच्छ होती. पंधरा दिवसांपूर्वी पहिल्या खोलीची भिंत फुटली आणि आत झोपलेला तिचा नवरा विश्राम क्षणात गेला. मालन तेव्हा इथेच कामाच्या पाळीवर होती. तेव्हापासून ती भांडीच धूत होती. लोक म्हणत, बाई मोठी खंबीर. कसली खंबीर, तिला काहीच वाटत नव्हतं.

समोर डॉ. ग्रेसी डाबरे बसल्या होत्या. मूळच्या वसईच्या, पृथ्वीवरून चौकशीला आलेल्या. त्यांना आज एका कागदावर सही करायची होती: दुसरी खोली राहण्याजोगी आहे की नाही. बारा तासांनी सूर्य मावळणार होता, आणि चंद्रावरची रात्र म्हणजे चौदा दिवसांचा काळोख आणि गोठवणारी थंडी. त्या खोलीत मालनची मुलगी श्यामल आणखी तिघांबरोबर राहायची. भिंत फुटल्यापासून ती जुन्या धातूच्या यानात अंग चोरून झोपत होती. कंटाळली बिचारी. सही होईलच म्हणून सकाळीच त्या तिघांना घेऊन सामान लावायला गेली होती.

वसाहतीच्या नऊही खोल्या इथेच घडवलेल्या. कर्बतंतूंचं कापड, त्यात राळ, थरावर थर, मग भट्टी. ताकद तंतूंची, राळेचं काम त्यांना धरून ठेवायचं. राळ कमी पडली तर थर सुटतात. जास्त झाली तर ती वर येऊन साचते, थंडीत तंतूंपेक्षा जास्त आकसते आणि जाड सारवणासारखी भेगाळते. मग दर रात्री भेग थोडी आत शिरते. शंभर भागांत छत्तीस भाग राळ, त्यापुढे धोका.

आता हे प्रमाण मोजायचं तर भिंत विरघळवायला हवी, आणि विरघळलेल्या भिंतीआड राहणार कोण? म्हणून प्रत्येक भिंतीबरोबर दोन साक्षी-तुकडे करायचे. तेच कापड, तीच राळ, तीच भट्टी. एक तुकडा वजन करून ऊन नत्राम्लात सोडायचा. राळ जाते, तंतू उरतात, ते पुन्हा तोलायचे. दुसरा राखून ठेवायचा. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. शिवाय राळमापक होता. तो भिंतीला नुसता टेकवला की आत लहर सोडून आकडा सांगायचा.

पहिल्या खोलीच्या फुटक्या भिंतीवर राळमापक चालेना, म्हणून डाबरेबाईंनी तिची एक कपची विरघळवून पाहिली. एकोणचाळीस निघाले. साक्षी-तुकड्याची नोंद मात्र चौतीस होती. म्हणजे तुकडा नीट झाला आणि भिंतीत राळ जास्त पडली. त्यांनी अहवालात तसं लिहिलं: राळ ओतणाऱ्याचा हात चुकला. राळ ओतणारा विश्राम. मालननं अहवाल वाचला आणि कडा जुळवून घडी घातली. "त्याचा हात कधी चुकला नाही," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या खोलीचा साक्षी-तुकडा चौतीसच होता, आणि राळमापकही चौतीस दाखवत होता. दोन वेगळ्या रीती एकच सांगतात म्हटल्यावर दुसरा कुणी सही करून मोकळा झाला असता. डाबरेबाई शंकेखोर. त्या म्हणाल्या, राखीव तुकडा माझ्यासमोर विरघळवा, मग सही.

मालननं कपाटातून तुकडा काढला, खणातून पॉलिश पेपर काढला आणि तुकडा घासायला लागली. जराही विचार न करता. ती सोनाराची लेक. तराजूत मळका दागिना ठेवायचा नाही, हे तिला चालता येण्याआधीच तिच्या हातांना कळलं होतं. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, असं आई म्हणायची. वरचा चकचकीत थर निघून खालची काळी वीण दिसू लागली, की मगच मालन तुकडा तोलायची. विश्राम दारात उभा राहून चिडवायचा, "अगं, विरघळवायचंच आहे ना त्याला? मग नटवतेस कशाला?"

अर्धा तुकडा घासून झाला होता. तिचा हात थांबला.

"डॉक्टर, हे मी वरचं काढते ना, ते काय असतं?"

डाबरेबाई उठून जवळ आल्या. त्यांनी टेबलावर पडलेली पिवळट भुकटी बोटावर घेतली. "राळ," त्या म्हणाल्या. आणि पॉलिश पेपर तिच्या हातातून काढून घेतला.

तुकड्याचे दोन भाग केले, घासलेला आणि न घासलेला. दोन्ही आम्लात सोडले. पाच तास दोघी शेजारी बसून होत्या. डाबरेबाईंनी चहा केला, मालननं तो प्यायलाही. मग तंतू धुतले, वाळवले, तोलले. घासलेला चौतीस. न घासलेला एकोणचाळीस.

"पण राळमापक?" डाबरेबाई अजून त्या एका आधाराला धरून होत्या. "तो तर स्वतंत्र आहे."

मालननं मान हलवली. राळमापक आला तेव्हा त्याला आकडे ठाऊक नव्हते, नुसत्या लहरी कळायच्या. विश्राम न घासलेला कोरा तुकडा त्याला दाखवायचा, मग तो तुकडा मालनकडे यायचा, आणि तिनं घासून काढलेला आकडा त्या लहरीपुढे लिहिला जायचा. राळ किती ओतायची हेही विश्राम तिच्याच आकड्यावरून ठरवायचा. एकोणचाळीसच्या भिंतीला तो आजही इमानदारीत चौतीस म्हणत होता. उरलेल्या आठ खोल्यांत कुठेही टेकवा.

पहिली खोली तिच्या सव्विसाव्या चांद्ररात्री फुटली होती, आणि अशी रात्र महिन्यातून एकदाच येते. दुसरी बांधली एका महिन्यानं. म्हणजे तिची सव्विसावी आता येणारी. मग तिसरीची, महिन्या महिन्यानं एकेकीची.

डाबरेबाईंनी सहीचा कागद फाडला आणि उरलेल्या आठही खोल्या रिकाम्या करायला सांगायला बाहेर धावल्या. जाताना अहवालातलं विश्रामचं नाव खोडून गेल्या. मालननं ते पाहिलं. त्या जागी कुणाचं नाव येणार हेही तिला कळलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिनं भांडी न धुता तशीच सोडली.

तिनं दुसऱ्या खोलीला फोन लावला.

"श्यामल, सामान राहू दे. तिघांना घे आणि यानात ये. अंतराळ-पोषाख घालून ये."

श्यामल वैतागली. म्हणाली, आई, आत्ताच तर सगळं लावून झालंय, आणि भिंत चांगली आहे, मी स्वतः राळमापक टेकवून बघितलाय, चौतीस दाखवतोय.

"दाखवणारच," मालन म्हणाली. "त्याला चौतीस म्हणायला मीच शिकवलं, बाळा."