मोहाखालचा निरोप

सन ब्याऐंशीच्या मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात, कारंज्याकडच्या डोंगरात, मॅरेथॉन ठेवली होती. मी नाचणगावचा कवडू. गिरणीत कामाला होतो आणि पाळी सुटली की पुलगावच्या रस्त्यानं धावायचो. सोबत प्रेमदास असायचा. आम्हा दोघांत पुढे नेहमी तोच.

सकाळी निघालो तेव्हा हवा बरी होती. गावातल्या बाया दारात उभ्या राहून हसत होत्या, खिशात कांदा ठेवा म्हणून बजावत होत्या. पण घाट चढून माथा गाठेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. उन्हाची आम्हाला काय नवलाई? तरी ते ऊन वेगळंच होतं. सागाला पान नाही, मुरमाची लाल वाट तापलेली, चढणीनं श्वास छातीत मावेना. उंचावर हवा गार असते म्हणतात. तिथं हवाच नव्हती. वाळलेल्या गवताचा आणि सडलेल्या मोहफुलांचा आंबूस वास तेवढा नाकात बसलेला. पाखरूही बोलत नव्हतं.

प्रेमदास मागे पडला होता. पुढे कुणी नव्हतं. आयुष्यात कधी नव्हे तो मी पहिला होतो.

"भाऊ... जरा थांबता का जी?"

वाटेच्या कडेला मोहाच्या झाडाखाली एक बाई बसली होती. तरुणच. शेजारी तेंदूपानांचा भारा, मांडीवर दोनेक वर्षांचं पोरगं. ते रडत होतं. बारीक, दमलेलं रडणं.

"पोराले साप चावला... माह्याच्यानं उठणं होत नाई."

"आणा इकडं, मी नेतो त्याले खाली."

तिनं पोराला घट्ट धरलं. "नाई जी. त्याच्या बापाले पाठवा. खाली वस्तीत बापूजी म्हणून आहे. तुमी पयता चांगले... त्याले म्हणा, पयत येजो."

शर्यतीचा चुन्यानं आखलेला बाण डावीकडे जात होता. वस्तीची पायवाट उजवीकडे उतरत होती. मी क्षणभर उभा राहिलो. मग उजवीकडे वळलो आणि जीव तोडून धावलो.

वस्तीच्या विहिरीवर एक माणूस बैलांना पाणी पाजत होता. नत्थू त्याचं नाव. धापा टाकत मी सगळं सांगितलं. त्याचे हात दोरावरच थांबले.

"यंदाबी आला म्हणा निरोप," तो हळूच म्हणाला.

"कसा निरोप? पोरगं मरून राह्यलं तिथं!"

"ते मेलं भाऊ. लय वर्सं झाली. पंचफुला तेंदूपानाले गेलती, पोराले घेऊन. साप चावला. लोकांनी येऊन बापूजीले सांगितलं. तो निघाला, पण ऊन असं... वाटेत सावलीले टेकला, तं डोळाच लागला त्याचा. गेला तवा पोरगं थंड होतं. तिलेबी ऊन लागलं होतं, संध्याकाळी तेबी गेली. तवापासून उन्हाळ्यात कोणी ना कोणी हा निरोप आणते. गुराखी, पानवाले... बापूजी जाते, बसते झाडाखाली, वापस येते."

मी वळून वर मोहाच्या दिशेनं पाहिलं.

समोरच्या झोपडीतून एक म्हातारा बाहेर आला होता. अंगावर फक्त धोतर. त्यानं सगळं ऐकलं असावं. जवळ येऊन त्यानं इतकंच विचारलं, "पोरगं कसं होतं?"

"रडत होतं," मी म्हणालो.

बापूजी माझ्याकडे बघतच राहिला. नत्थूनं माझा दंड धरला. "काय बोलता भाऊ... आजवर जो आला, त्यानं पोरगं निपचित होतं असंच सांगितलं."

पुढचं बोलणं ऐकायला बापूजी थांबलाच नाही. तो धावत सुटला. अनवाणी, त्या चढणीनं, त्या उन्हात. मी मागे निघालो, पण पायात गोळे आले आणि विहिरीपाशीच कोसळलो. नत्थूनं माझ्या डोक्यावर बादली ओतली.

शर्यत प्रेमदासनं जिंकली. मला शोधत तो वस्तीत आला. म्हणाला, "मी पाह्यलं तुले. झाडाखाली एकटाच वाकून बोलून राह्यलता. मले वाटलं, उलटी होऊन राह्यली तुले." हातात चांदीचा कप होता त्याच्या. मला हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू?

बापूजी परतला नव्हता. ऊन उतरल्यावर आम्ही तिघं वर गेलो. तो मोहाखाली मांडी घालून बसला होता. तळपायाची साल निघालेली, ओठ फाटलेले. आम्हाला बघून त्यानं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला... आत्ताच निजलं."

मांडी रिकामी होती.

"लवकर पयायले पाहिजे होतं रे मी," तो पुटपुटला. "तवा असा पयलो असतो तं..." आणि त्याच्या सुकलेल्या डोळ्यांना पाणीही येईना.

त्याला उठवायला नत्थू खाली वाकला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. मग त्यानं माझा हात धरून तिथं टेकवला. त्या डोंगरमाथ्यावर पाण्याचा थेंब नव्हता. बापूजीचं सगळं अंग कोरडं ठणठणीत होतं. मांडीवरचं धोतर मात्र ओलं होतं. कोमट... लेकरानं नुकतंच ओलं करावं तसं.