तुटक्या सुयांचं रजिस्टर

कार्टन उघडलं आणि अनुराधानं हात झटकन मागं घेतला. परदेशी जायच्या शर्टांच्या घडीत तुटक्या सुयांची टोकं! एक नाही, चांगली सहा.

२००९ चा फेब्रुवारी. मंदीनं आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या या शिलाई कारखान्याच्या ऑर्डरी निम्म्यावर आणल्या होत्या. तीस बायकांना काढायची यादी लागली, तशी सुपरवायझर खतीजानं सगळी मशीनं बंद करवली. मालक मुनीरशेठनी यादी मागं घेतली, बायकांऐवजी वरचा स्टाफ कमी करू म्हणाले. त्याला आठवडा होत नाही तोच हे!

"यादी लावल्याचा बदला आहे हा, दुसरं काय!" प्रॉडक्शन मॅनेजर विजयकुमार कडाडला. "काल पॅकिंगमध्ये शेवटी खतीजाच होती. व्हिसा कॅन्सल करा, संध्याकाळची फ्लाइट द्या. खलास."

पत्र टाइप करायचं ते एचआरच्या अनुराधाला. खरं सांगायचं तर तिचाही संशय खतीजावरच होता. नवरा गेल्यापासून खतीजाचं, तिच्या मुलांचं रत्नागिरीचं घर या नोकरीवर उभं होतं, म्हणून एकदा विचारून घ्यावं, इतकंच.

"काल पॅकिंगला कशाला गेला होतात, आपा?"

"नमाजाला. कार्टनांमागं जरा शांत असतं."

"कुणी पाहिलं?"

"अल्लानं. पण त्याची सही तुम्हाला चालायची नाही, मॅडम."

अनुराधाला राग आला आणि लाजही वाटली. सुयांची टोकं ती पाकिटात भरू लागली, तर एक बोटाला चिकटूनच बसलं. पुसलं तरी सुटेना.

ती तडक स्टोअरला गेली. इथं सुई मोडली की सगळे तुकडे जमा करायचे, तेव्हाच नवी मिळायची. तुकडे रजिस्टरात सेलोटेपनं चिकटवून तारीख टाकायची.

"रजिस्टरच्या कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे असतात, वासुदेव?" तिनं स्टोअरकीपरला विचारलं.

"दोनच आहेत मॅडम. एक विजयकुमार साहेबांकडे, एक माझ्याकडे. मी तर किल्ली घेऊनच महिनाभर गावी होतो, आज सकाळीच उतरलो."

तिनं पानं चाळली आणि रजिस्टर काखेत मारून थेट शेठच्या केबिनमध्ये शिरली. खतीजालाही बोलावलं.

"शेठ, मोडलेली प्रत्येक सुई पूर्ण जमा झालेली आहे. मग बायकांकडे तुकडे उरतील कसे?"

"बाहेरून आणले असतील," विजयकुमार म्हणाला.

"टेपचा गोंद लागलेले? हे डिसेंबरचं पान बघा. सहा सुयांची टेप उचकटून नुसती टोकं काढलीत, खालचे भाग जागेवर आहेत. जुळवून बघा."

मुनीरशेठनी चष्मा चढवला. मोडलेल्या कडेला कड बरोब्बर बसली.

"वासुदेव गावी होता, म्हणजे किल्ली एकट्या विजयकुमारांकडे. बायका राहिल्या तर यांची खुर्ची जाणार होती. म्हणून बायकांनाच गुन्हेगार ठरवायचं होतं."

विजयकुमारनं हात जोडले. "शेठ, माझी मुलं इथं शाळेत आहेत हो…"

"आणि तिची? तुम्ही घरी जा, विजयकुमार. आपा, तुम्ही कामाला लागा, यल्ला, चला."

खतीजा हलली नाही.

"मॅडम, सकाळी तुम्हालाही मीच वाटले ना?"

"हो," अनुराधाची मान खाली गेली. "चुकलं माझं."

"मग हे इथं नको. बाहेर दोनशे बायका सकाळपासून एकमेकींकडे चोरासारख्या बघतायत. त्यांच्यासमोर बोला. तोवर एक मशीन चालायचं नाही."

मुनीरशेठनी अनुराधाकडे पाहिलं. तिनं रजिस्टर उचललं, दार उघडलं आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.