शनिवारचं मिसिंग

"त्या खटाऱ्यापाशी घुटमळू नको गं. इंजिन बिघडतं त्येंचं, नाव निघतं आपलं," असं सासूबाईंनी दीक्षाला बजावलं होतं. दीक्षा हसली होती. बी.एस्सी. झालेली बाई, नवऱ्याला जेवणाचा डबा द्यायला जायचं, त्यात भ्यायचं काय?

आता तीच दीक्षा आठ महिन्यांच्या बुद्धप्रियाला मांडीवर घेऊन सोलापुरात गुलबानो शेख यांच्या कचेरीत बसली होती. वीस वर्षं गुलबानोंनी विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्यांची शहानिशा केली होती. हल्ली त्या स्वतःच तपासाची कामं घेत.

"कुणाचा खून झाला?" त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"आमच्या नावाचा," दीक्षा म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. मोडनिंबजवळ बापूसाहेबांची वस्ती. त्यांच्या वडिलांच्या वेळचा, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रॅक्टर. त्यावर पट्टा चढवून जनावरांसाठी कडबा कुट्टी करायची. दीक्षाचा नवरा प्रदीप त्यावर ड्रायव्हर, राहायला वस्तीवरचीच खोली. महिनाभर दर शनिवारी इंजिन मिसिंग मारायचं, म्हणजे एक ठोका चुकवायचं, आणि बुधवारी सुधारायचं. आधी आळ आला की प्रदीप पेट्रोल विकून रॉकेल मिसळतो. मग बापूसाहेबांच्या पत्नी सोनाबाईंनी वेगळंच काढलं.

"मी शनिवारीच डबा घेऊन जाते. बाकीचे दिवस शिकवण्या असतात. तर म्हणे, माझीच नजर लागते. आज शनिवार; संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलंय, मॅडम. लेकराला घेऊन कुठं जाऊ?"

"नजरेला वार कळतो?" गुलबानोंनी पर्स उचलली. "चल बेटा."

वस्तीवर पोचल्या तेव्हा इंजिन चालू होतं. चारातले तीन ठोके नीट पडत, एकाला धाप लागे. गोठ्याशी पाच-सहा माणसं जमली होती. प्रदीप खाली मान घालून उभा होता.

"वडलांच्या हातचं मशीन हाय, बाई," बापूसाहेब म्हणाले. "ह्या जोडप्यानं मातेरं केलं त्याचं."

"मिस्त्री कोण?"

"मी की," अक्कलकोटकडचा मडिवाळप्पा पुढे झाला. "चार डाव तिसरा प्लग बदललो. मंगळवारी नवा घालायचा, बुधवारी गाडी खणखणीत. शनिवारी पुन्ना खलास!"

"दर वेळी तिसराच?"

"व्हय. लई हट्टी हाय त्यो."

"एकेक प्लगची वायर काढून दाखवा."

पहिली काढली, इंजिन गचके खाऊ लागलं. दुसरी, चौथी, तेच. तिसरी काढली, इंजिनाला फरकच पडला नाही. गुलबानोंनी इंजिन बंद करवून पहिला आणि तिसरा प्लग आपसात बदलायला लावला. पुन्हा चालू केलं. मेला होता तो तिसराच सिलिंडर.

"तुम्ही काय उपाय केलात?" त्यांनी सोनाबाईंना विचारलं.

"मी कसूर न्हाय केली. दर शनिवारी सकाळी जुनं उकिरड्यावर टाकून ताजं लिंबू-मिरची बांधते. आधी पुढं बांधायची, तर म्हशीच खायच्या. म्हणून महिना झाला, बॉनेटच्या आत अडकवते. दोरा धक्क्यानं तुटतो, म्हणून तारंत ओवून. तरी हिची नजर आरपार जाती! मेली अवदसा! शिकलेली नजर!"

माणसं हसली. दीक्षाचं लक्ष खाली सोडलेल्या लेकराकडे होतं. बुद्धप्रिया उकिरड्याच्या कडेचं काहीतरी मुठीत धरून तोंडात घालायला निघाली होती. दीक्षाने मूठ सोडवली. आत वाळून खडखडीत झालेलं लिंबू निघालं, एका अंगाला उदबत्तीचा चटका बसावा तसा काळा ठिपका असलेलं.

तिने ते गुलबानोंना दाखवलं. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं.

"रॉकेल मिसळलं असतं तर चारही सिलिंडर कुरकुरले असते. टाकी एकच आहे ना? म्हणजे प्रदीप सुटला. प्लग खराब असता तर दोष प्लगाबरोबर पहिल्या सिलिंडरकडे गेला असता. गेला नाही. म्हणजे ठिणगी प्लगापर्यंत पोचतच नाही, वाटेतच पळते." त्यांनी बॉनेटखाली बोट दाखवलं. "तिसऱ्या वायरचं रबर तडकलंय. त्या तड्यावर काय टेकलंय, पाहा."

सगळे वाकले. पिवळंधमक ताजं लिंबू.

"तू शिकलीस ना? सांग यांना."

"आंबट रसातून वीज जाते," दीक्षा म्हणाली. "वायरमधून लिंबात, लिंबातून तारेत, तारेतून बॉनेटच्या लोखंडात. हा काळा ठिपका तिचाच चटका."

"मग बुधवारी कसं सुधरतंय?" मडिवाळप्पाने विचारलं.

"इंजिनाच्या धगीनं लिंबू वाळतं," गुलबानो म्हणाल्या. "रस संपला, वाट बंद. शाबासकी मात्र तुमच्या प्लगाला. शनिवारी पुन्हा ताजं लिंबू येतं. आणि दुर्दैवानं दीक्षाचा डबाही."

त्यांनी पुन्हा बॉनेटकडे हात केला.

"काढा ते," गुलबानो म्हणाल्या.

मडिवाळप्पा मागे सरकला. बापूसाहेबांनी हात पुढे केला आणि आखडता घेतला. "शनिवारी बांधलेलं शनिवारीच उतरवू नये," कुणीतरी पुटपुटलं. "घात होतो."

दीक्षा सरळ सोनाबाईंपाशी गेली. "काकू, जरा धरा हिला."

सोनाबाईंचे हात, त्यांना कळायच्या आत, पुढे झाले. बुद्धप्रियाने त्यांच्या नाकातली नथ धरली. दीक्षाने बॉनेटखाली हात घातला, तार पिरगाळून तोडली आणि लिंबू-मिरची बापूसाहेबांच्या पायांशी टाकली.

"चालू करा हो," ती प्रदीपला म्हणाली.

इंजिन उठलं. चारही ठोके एका लयीत, भिंत हादरवत.

"ऱ्हावा तुमी," बापूसाहेब घसा खाकरून म्हणाले. "झालं गेलं विसरा."

"खोली मागायला नाही आले मी," दीक्षा म्हणाली. "चोर आणि अवदसा हे चार लोकांत म्हणालात. ते खोटं होतं, हेही चार लोकांतच म्हणा. मग राहायचं की नाही, ते आम्ही ठरवू."

बापूसाहेबांनी सोनाबाईंकडे पाहिलं. सोनाबाईंनी हातातल्या त्या पोरीकडे पाहिलं. शेवटी दोघंही म्हणाले; हळू म्हणाले, तेव्हा दीक्षाने मोठ्यानं म्हणायला लावलं.

दीक्षाचं निभावलं. पण तुमच्याही आळीत अशी एखादी असेल, जिच्या येण्याजाण्याचे वार कुणीतरी मोजत बसलंय. तिच्यासाठी सोलापूरहून कुणी यायचं नाही. आज तुम्हीच तिच्या दारी जा. जेवलीस का, एवढं तरी विचारून या.