धागा तुटलाय, ये

हे कुणाला पटणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. सुरतेच्या लिंबायतमध्ये माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं माणूस तसंही उरलेलं नाही. तापीच्या पुरात आमच्या विणकामाच्या शेडचा एक लूम वाहत वाहत उधन्याला गेला आणि तिथे आपोआप चालू झाला, असं मी एकदा सांगितलं होतं, तेव्हापासून तर नाहीच. पण एका ठार बहिऱ्या माणसाला डोंगराच्या पोटात दोस्ताची हाक समजली आणि त्यानं दोस्ताला हात धरून बाहेर आणलं, ही गोष्ट खरी आहे. तो बहिरा मी, आनंदा. आणि तो दोस्त हा बघा, लोटू, समोर बसून तिळाचा लाडू फोडतोय.

अशी मी सुरुवात केली ती उत्तरायणची, म्हणजे संक्रांतीची सकाळ होती. सगळी गल्ली पतंग घेऊन गच्चीवर. ओट्यावर आम्ही चौघंच: मी, माझी सून वैशाली, आणि भेस्तानहून आलेले लोटू आणि त्याची बायको मनीषा. दिवाळीनंतर लोटू तिकडे मुलाकडे राहायला गेला; ही गोष्ट अख्ख्या गल्लीनं दहादा ऐकली होती, पण त्याच्यासमोर मी पहिल्यांदाच सांगत होतो. मनीषालाही कळायला हवं होतं की तिच्या नवऱ्याला मी कुठून ओढून आणलं.

चाळीस वर्षांत माझे कान शेठच्या शेडमध्येच राहिले. आता मी ओठ वाचतो. वैशालीला मी शिकवलंय, तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलायचं. मात्र हादरा मला इतरांपेक्षा जास्त कळतो. आमच्या घराची फरशी लूममुळे दिवसरात्र थरथरते. लूम बंद झाले की जमीन मेल्यासारखी वाटते.

शेडमध्ये हाक मारून उपयोग नसतो. म्हणून मी आणि लोटू नट आवळायचा पाना लोखंडावर ठोकायचो. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा. म्हणजे, धागा तुटलाय, ये. ही खूण आमच्या दोघांचीच. तिसऱ्या कुणाला आम्ही ती कधी सांगितली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत लूम बंद पडले तेव्हा मीच लोटूला म्हटलं, चल, झंखवावकडची दरी बघून येऊ. त्याच्या छातीत नुकताच स्टेंट बसवलेला. मनीषानं दारात मला अडवलं आणि बोट रोखून म्हणाली, "जसे नेताय तसे परत आणा, आनंदाभाऊ." मी शब्द दिला.

झंखवावच्या पुढे जीपनं सोडलं, तिथून पायवाट. काय सांगू ती दरी! दोन्ही अंगांना चुनखडीचे पांढरे कडे, मधे साग आणि बांबू, आणि ओढ्याचं पाणी असं की मासा पाण्यात आहे की हवेत तेच कळेना. सुरतेत आभाळ पट्टीपट्टीनं मिळतं, तिथे कापडाचा अख्खा ताका उलगडलेला. वाटेत लूमच्या बीमएवढा जाड अजगर आडवा पडला होता, आम्ही त्याच्यावर बसून डबा खाल्ला. (इथे लोटू हसला. मनीषाही हसली. अजगर खोटाच होता, ओंडका होता.)

गुहांच्या तोंडाशी एक गंजका बोर्ड होता. इथे हजारो वर्षांपूर्वी माणसं राहायची, त्यांची दगडी हत्यारं सापडली, असं काहीबाही. लोटूला दम लागला होता. तो बाहेरच्या सपाट दगडावर टेकला आणि ओठांनी म्हणाला, "तू हो पुढे. बिडी ओढून येतो." मोबाईल त्याच्याजवळ, बॅटरी माझ्याजवळ.

आत गेलो आणि थांबलोच. छतापासून खालपर्यंत दगड लटकत होता, पण दगड कसला, कापडच! निऱ्या, घड्या, वाऱ्यानं उडता उडता थांबलेला पदर. मागून उजेड टाकला तर आरपार दिसला, किनारीला लाल रेघ. पाण्याच्या एकेका थेंबानं विणलेलं. मी जन्मभर कापड काढलं, पण असा माल पाहिला नाही. सवयीनं मी चूक शोधायला लागलो. बोट फिरवत गेलो. एकही गाठ नाही, एकही झोल नाही.

मग हाताच्या उंचीवर बोट अडकलं. वरपासून खालपर्यंत एक बारीक फट. एक धागा कमी.

तेवढ्यात बॅटरी मिणमिणली आणि गेली.

काळोख, आणि मी बहिरा. वाट कळावी म्हणून भिंतीवर तळहात टेकला.

भिंत हादरली. दोनदा लागोपाठ. मग थांबून एकदा.

लोटू माझ्यामागून आत आला असणार आणि कुठल्या तरी बोळात चुकला असणार. मला त्याची छाती आठवली. मनीषाचं बोट आठवलं. ठोके जिकडे जोरात लागत तिकडे मी गाल भिंतीला लावून सरकत गेलो. गुहेच्या तोंडाकडे नाही, आत.

पुन्हा तीन. जवळ.

मी हात पुढे केला, आणि हात हाताला लागला.

गार होता, ओला होता. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला धाग्याच्या गाठी मारून मारून पडतो तो घट्टा होता. लोटूच. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ." त्यानं माझा हात दाबला.

किती वेळ चाललो माहीत नाही. वाऱ्याची झुळूक आली तिकडे वळलो. तोंडाशी आलो तर उन्हानं डोळे दिपले, हात सुटला. डोळे उघडतो तर लोटूभाऊ समोरच्या दगडावर, जसे काही तिथेच बसले होते! माझा सदरा चुन्यानं माखलेला, आणि याच्या पांढऱ्या टोपीला डाग नाही. बिडी मात्र संपत आलेली.

"दिला शब्द पाळला की नाही?" मी मनीषाला विचारलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. लोटू तिच्याकडे वळून काहीतरी बोलत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती, ओठ दिसेनात. मला फक्त मनीषाचा चेहरा दिसला. मग वैशालीचा. तिच्या हातातलं लाडवाचं ताट तिनं खाली ठेवलं.

"काय म्हणतो तो?"

वैशाली माझ्याकडे वळली. मी शिकवलं तसं, सावकाश, एकेक शब्द करून म्हणाली,

"काका म्हणतात, हे खोटं आहे, आबा. ते आत आलेच नाहीत. तुम्ही बाहेर आलात तेव्हा एकटेच होतात. उजवा हात मात्र मागे धरला होतात, कुणाला तरी ओढत आणल्यासारखा."

उत्तरायणचे लूम बंद होते, तरी फरशी हादरली, दोनदा लागोपाठ. मी ओट्याच्या फरशीवर टेकलेला तळहात उचलून घेतला.