लेमल कुठं राहतो?

मी फक्त चहा आणायला खाली उतरलो होतो. ब्राँक्समधल्या आमच्या वृद्धाश्रमात दुपारीच अंधारून आलं होतं, बाहेर बर्फ. वर माझा शेजारी आल्टर खोकत पडलेला. जन्मभर त्यानं पँटींना खिसे शिवले आणि यिडिशमध्ये, आम्हा ज्यूंच्या जुन्या बोलीत, कविता केल्या. मी इस्त्रीवाला, शाळा अर्धवट. मला त्या कळत नसत. तो म्हणे, "गेत्सल, शिकलेल्यांनाही कळत नाहीत. तू कशाला तोंड पाडतोस?"

आल्टर म्हणजे म्हातारा. हे नाव त्याला लहानपणीच मिळालं. तापानं अगदी मरायला टेकला होता, तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे आईनं त्याचं नाव बदललं. मृत्युदूत पोराला शोधत येणार, घरात 'म्हातारा' भेटणार, आणि गोंधळून परत जाणार. तसा तो गेलाही. मग जुनं नाव कुणी तोंडातून काढलं नाही. कवितेतसुद्धा आल्टरनं नुसतं 'तो मुलगा' लिहिलं.

पण त्याची नात रोडा पडली कॉलेजवाली. तिनं कविता इंग्रजीत नेल्या. "आजोबा, इंग्रजी वाचकाला तो मुलगा कोण ते कळायला नको?" म्हणून त्याच्या बहिणीकडून खोदून खोदून नाव काढलं आणि छापलं. लेमल. पुस्तक आलं आणि आल्टरनं अंथरूण धरलं.

तर खाली बाकावर एक गृहस्थ बसला होता. मांडीवर तेच पुस्तक. कोटावर बर्फाचा कण नाही. जवळ गेलो तर नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा वास...

"लेमल कुठं राहतो?" त्यानं यिडिशमध्ये विचारलं. आवाज असा थकलेला, जणू दारं ठोठावून ठोठावून खाली बसलाय.

"यिडिश येतं, मग इंग्रजी पुस्तक कशाला?"

"यिडिशमध्ये... तो सापडत नव्हता."

हा कोण, ते मी ओळखलं. वरून आल्टरचा खोकला ऐकू येत होता. पण माझी जीभ कुणाच्या बापाला भीत नाही.

"अहो, लेमल मीच. काय काम होतं?"

त्यानं मला न्याहाळलं, मग पुस्तकाकडे पाहिलं. "तो... मुलगा होता."

"होतो की. तुम्हीच उशीर केलात."

तो गोंधळला. मग पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. "मग सही..."

मी झोकात सही ठोकली. लेमल. पुस्तक मिटून तो निघून गेला.

संध्याकाळी आल्टर उठून बसला, हेरिंग मासा मागितला, चहा गार झाला म्हणून मला शिव्या घातल्या. रोडा म्हणते, मी थापाड्या. असेन. तिचं भाषांतर आजोबांना नेत होतं, माझ्या थापेनं ते राहिले, एवढं मी तिला ऐकवलं.

फक्त एक कळत नाही. काल जेवताना आल्टर म्हणाला, "गेत्सल, मीठ दे." मी इकडेतिकडे पाहिलं. गेत्सल कोण? तेवढ्यात जिन्यावरून एका बाईनं अगदी हलक्या आवाजात हाक मारली, "लेमल..."

आणि मी म्हणालो, "आलो, आई."